बीटामॅक्स जाहिरातीने हरला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत ओटीटी कंपन्यांच्या जाहिरातींवरचा लेख वाचला. लेख माहितीचा आहे, पण लेखकाने जाता जाता एक वाक्य फेकलं आहे: व्हिडिओ कॅसेटच्या दोन पद्धतींत सोनीचा बीटामॅक्स दर्जाने सरस होता, तरी जाहिरातबाजीच्या जोरावर व्हीएचएसने त्याला संपवलं. हे वाक्य गेली कित्येक वर्षं कुठे ना कुठे छापून येतं. लिहिणाऱ्याने दोन्ही कॅसेटी कधी हातात तरी घेतल्या होत्या का, असा प्रश्न मला दर वेळी पडतो. मी घेतल्या आहेत. ऐंशीच्या दशकात ठाण्यात नौपाड्यात आमची व्हिडिओ लायब्ररी होती. मिस्टर वागळे इस्टेटमध्ये नोकरीला, त्यामुळे गल्ल्यावर मी बसायची.

जाहिरातीचंच म्हणाल, तर सोनीची जाहिरात चांगली उजवी होती. अमेरिकेत त्यांनी छापलं होतं की ‘कोलंबो’ बघताय म्हणून आता ‘कोजॅक’ चुकवायला नको. एक बघा, दुसरं मशीनवर घेऊन ठेवा. दोन्ही मालिका युनिव्हर्सल या स्टुडिओच्या. युनिव्हर्सलवाले खवळले, १९७६ मध्ये डिस्नेला सोबत घेऊन कोर्टात गेले आणि प्रकरण थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. १९८४ च्या जानेवारीत पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: कार्यक्रम नंतर बघता यावा म्हणून घरी रेकॉर्ड करून ठेवणं हा कॉपीराइटचा भंग नाही. सोनी जिंकली खरी, पण तोवर अमेरिकेतल्या घराघरांत व्हीएचएस जाऊन बसला होता. कोर्टकचेरी सोनीने केली आणि निकालाचा फायदा जास्त करून व्हीएचएसवाल्यांनी खाल्ला.

त्याच महिन्यात जपानमध्ये सोनीने वर्तमानपत्रांत ओळीने काही दिवस जाहिराती दिल्या. पहिल्या दिवसाचा मथळा साधारण असा होता: ‘बीटामॅक्स नाहीसा होणार का?’ शेवटच्या दिवशी उत्तर दिलं की छे, आता तर खरी मजा येणार आहे. आता मला सांगा, गिऱ्हाईक आधीच दोन मनांत असताना कुठला दुकानदार त्याला स्वतःहून विचारेल, ‘हा माल उद्या मिळेल का हो?’ शेवटच्या दिवसाचं उत्तर वाचायला थांबतंय कोण?

तेव्हा व्हीएचएस जाहिरातीने जिंकला म्हणणाऱ्यांनी आधी या दोन जाहिराती बघाव्यात.

खरी गोष्ट अशी की निकाल बराचसा माल बाजारात येण्याआधीच लागत गेला. बीटामॅक्स १९७५ मध्ये आला. त्याच्या कॅसेटवर एकच तास रेकॉर्ड व्हायचं. पुढच्या वर्षी जपानच्याच जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस काढला, तो दोन तासांचा. अमेरिकेत आरसीए कंपनी स्वतःच्या नावाने विकायला मशीन शोधत होती. तिथला फुटबॉलचा सामना तीन तास चालतो; तो अर्ध्यावर तुटणारं मशीन लोक घेणार नाहीत, हे त्यांना कळत होतं. मात्सुशिताने, म्हणजे आपल्या नॅशनल पॅनासॉनिकवाल्यांनी, टेपचा वेग निम्म्यावर आणून चार तासांचं मशीन करून दिलं. मग १९७७ मध्ये आरसीएने जाहिरात केली: ‘चार तास. हजार डॉलर. सिलेक्टाव्हिजन.’ एवढीच. सोनीचं मशीन त्याहून महाग होतं. जाहिरात उत्तम होती यात वाद नाही, पण तिच्यात सांगण्यासारखे दोन आकडे होते म्हणून ती उत्तम झाली. ते आकडे कारखान्यातून आले होते, जाहिरात कंपनीच्या टेबलावरून नव्हेत.

आणि सरस चित्राचं काय झालं? दोन तासांत बसवायला सोनीनेही टेपचा वेग निम्मा केला. मूळ वेगावर जो थोडा फरक दिसायचा, तो त्यानंतर नावापुरता उरला. आमच्या दुकानात तर तो शोधूनही सापडला नसता. कॉपीवरून काढलेली कॉपी, तीही दहा घरांत फिरून आलेली. पाहणार त्या वीस इंची टीव्हीवर. नव्या पिक्चरच्या कॅसेटी कुठून यायच्या, यावर मी इथे काही लिहीत नाही, ज्यांनी त्या काळी पाहिल्या त्यांना ठाऊक आहे. पुष्कळ कॅसेटींवर हिरो-हिरॉइनच्या गाण्यात पडद्याच्या तळाशी दुबईच्या कुठल्याशा साडीच्या नाहीतर घड्याळाच्या दुकानाची जाहिरात सरकत असे. आमच्या मेंबर बायकांना दुबईची दुकानं तोंडपाठ झाली होती. तिथून साडी कुणी आणल्याचं मात्र ऐकिवात नाही.

दुसरा समज असा की सोनीने बीटा स्वतःपुरता धरून ठेवला आणि जेव्हीसीने सगळ्यांना वाटला. हेही अर्धंच खरं. तोशिबा, सान्यो, एनईसी, अमेरिकेत झेनिथ, या सगळ्यांनी बीटा विकला. फरक एवढाच की सोनीने १९७४ मध्ये इतरांना बोलावून तयार मशीन दाखवलं आणि हेच सगळ्यांनी घ्या म्हटलं. जेव्हीसीने मात्र मात्सुशिता, हिताची, शार्प, मित्सुबिशी अशी मोट बांधली आणि त्यांना आपापली नावं लावून विकू दिलं. एका मात्सुशिताच्या कारखान्यांचा आवाका केवढा! विकणारे हात तिकडे जास्त झाले.

आता ठाण्याकडे येते. वरचं तासांचं गणित अमेरिकेचं आहे. ते इथे लागू पडत नाही, आणि आपले लेखक नेमके हेच विसरतात. आपल्याकडे टीव्हीच्या चित्राची पाल पद्धत, तिच्यात टेपचा वेग वेगळा. आमच्याकडची व्हीएचएसची ई-१८० तीन तास चालायची आणि बीटाची एल-७५० सव्वातीन तास. म्हणजे हिंदी पिक्चर दोन्हींत मावत होता, उलट बीटात आणखी दोन गाणी मावली असती. कॅसेटही आटोपशीर, हाताला लहान. तरी नौपाड्यात बीटा टिकला नाही.

१९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आले आणि त्यांच्या पाठोपाठ व्हीसीआरचं, म्हणजे टीव्हीला जोडून कॅसेट लावायच्या मशीनचं वेड. मशिनं यायची ती बहुतेक आखातातून. मस्कतला, कुवेतला नोकरीला असलेला कुणाचा दीर, कुणाचा मेहुणा सुट्टीवर येताना घेऊन यायचा. नॅशनल पॅनासॉनिक, अकाई, जेव्हीसी, हिताची ही नावं आमच्याकडे पोरांना पाठ होती, आणि ही सगळी व्हीएचएस. सोनी किंवा सान्यो आणणारेही होते, त्यांचा बीटा. दीर काही दोन पद्धतींची तुलना करून आणत नव्हता. तिथल्या दुकानदाराने जे खोक्यात बांधून दिलं, ते घेऊन तो विमानात बसला.

सुरुवातीला मी दोन्ही ठेवल्या. नव्या कॅसेटी देणारा माणूस लोकलने यायचा, खांद्याला रेक्झिनची बॅग. बॅग काउंटरवर उघडायचा आणि मी गल्ल्यात पैसे किती आहेत ते बघायची. समजा तीन कॅसेटींपुरते आहेत. तिन्ही व्हीएचएस घेतल्या, तर संध्याकाळी सातच्या आत तिन्ही बाहेर. एक बीटा घेतली, तर ती दोन-दोन दिवस कपाटात बसणार, कारण वहीत बीटाचे मेंबर थोडे. भाडं दिवसावर. जी कॅसेट आज कपाटात बसली, तिने आज काही कमावलं नाही. मग मी काय घेणार? आणि मी बीटा घेतली नाही की बीटावाल्या मेंबरला नवा पिक्चर मिळत नाही. तो कुरकुरतो, दुसऱ्या लायब्ररीत जाऊन बघतो, तिथेही तेच. शेवटी दिवाळीला मशीन मिळेल त्या किमतीला काढून व्हीएचएस घेतो. वहीत बीटाचा आणखी एक मेंबर कमी. पुढच्या वेळी बॅगवाला विचारतसुद्धा नाही, बीटा आणणंच बंद करतो.

या सगळ्यात जाहिरात कुठे आहे?

कपाटाचंच घ्या. सुताराने खाने केले ते व्हीएचएसच्या मापाने, कारण त्याच जास्त. बीटाच्या कॅसेटी त्यात आत घसरायच्या, बाहेरून नाव दिसायचं नाही, म्हणून त्या मी खालच्या फळीवर आडव्या रचायची. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून कपाटात साठचा बल्ब लावून ठेवत असू. तो वरच्या खान्यांत. खालच्या फळीला ऊब पोहोचायची नाही आणि बुरशी आधी तिथेच धरायची. बुरशीवाली कॅसेट मशीनमध्ये गेली की टेप वाचणारं हेड खराब, मग मेंबरशी भांडण. हे कुणी ठरवून केलं नव्हतं, पण एकदा मागे पडलेल्या मालाच्या वाट्याला दुकानात जागासुद्धा मागचीच येते.

मशीन घेण्याआधी लोक मला विचारायला यायचे. स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने तर सांगून ठेवलं होतं, आधी लायब्ररीत विचारून या, मग माझ्याकडे या. ‘काकू, कुठलं घेऊ?’ या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं: वरच्या फळ्या बघा आणि काय ते ठरवा. त्या दुकानदाराला आणि मला जपानच्या कुठल्याही कंपनीने एक पैसा दिला नाही, कमिशन नाही की कॅलेंडर नाही. पण त्या कंपन्यांचं ठाण्यातलं मार्केटिंग आम्हीच करत होतो.

गणपतीत आणि सत्यनारायणाच्या पूजेला सोसायट्या टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी असं एकत्र भाड्याने घ्यायच्या. एक धार्मिक, एक विनोदी मराठी आणि मध्यरात्रीनंतर मारामारीचा हिंदी. भाड्याने मशीन देणाऱ्यानेही व्हीएचएसच घेतलेला असायचा, कारण तो कॅसेटी माझ्याकडून न्यायचा. सतरंजीवर बसून शंभर माणसं रात्रभर ते मशीन बघत. घरी घ्यायची वेळ आली की तेच घेत.

हे काही ठाण्यापुरतं नव्हतं. इंग्लंडमध्ये त्या काळी लोक टीव्ही विकत न घेता महिन्याच्या भाड्याने आणायचे. भाड्याच्या दुकानांच्या मोठ्या साखळ्या ज्या थॉर्न-ईएमआय कंपनीच्या, तिने जेव्हीसीशी हात मिळवला. भाड्याच्या दुकानात व्हीएचएस उभा राहिला, तो तिथून घरात गेला.

उलट बाजूचा दाखलाही आहे आणि तो मला फार बोलका वाटतो. सोनीने १९८२ मध्ये टीव्ही केंद्रांसाठी बीटाकॅम काढला. कॅसेटचं खोकं तेच, टेप अर्ध्या इंचाचीच. वेग मात्र कितीतरी जास्त आणि रेकॉर्ड करायची रीत वेगळी. तो जगभरच्या वाहिन्यांनी डोक्यावर घेतला आणि वर्षानुवर्षं वापरला. टीव्ही केंद्राला शेजाऱ्याकडे काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. मशीन त्याचं, कॅसेट त्याची, रेकॉर्ड करणार तोच आणि लावणारही तोच. तिथे दर्जा बघितला गेला. घरी मात्र कॅसेट दुसऱ्याच्या कपाटातून यायची.

जाहिरातीला मी कमी लेखत नाही. ओनिडाचा तो शिंगं-शेपटीवाला हिरवा राक्षस आठवा. ‘नेबर्स एन्व्ही, ओनर्स प्राइड’ हे इंग्रजी न येणाऱ्यांच्याही तोंडी होतं आणि टीव्ही धडाधड विकले गेले. पण टीव्ही कुठल्याही कंपनीचा घ्या, दूरदर्शन तेच दिसणार. तिथे जाहिरात गिऱ्हाईक इकडून तिकडे फिरवू शकते. जिथे विकत घेतलेली वस्तू दुसऱ्या कुणाच्या तरी मालाशिवाय नुसतं खोकं आहे, तिथे जाहिरातीचा जोर कमी पडतो. सोनीसारख्या सोनीचा पडला. १९८८ मध्ये त्यांनी स्वतःच व्हीएचएस मशिनं काढली.

पुढे व्हीसीडी आली. तिचं चित्र तर व्हीएचएसपेक्षाही यथातथाच, एका डिस्कवर ७४ मिनिटं, पिक्चर दोन-तीन तबकड्यांत तोडून. अमेरिकेत तिला कुणी विचारलं नाही. आपल्याकडे ती का चालली, तर प्लेअर स्वस्त, तबकडी त्याहून स्वस्त आणि फुटपाथवरही मिळायची. २००७ मध्ये मोझर बेअरने पिक्चरची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली, तेव्हा आमच्यासारख्यांच्या भाड्याच्या धंद्यात उरलंसुरलं होतं तेही गेलं. भाड्याने नेऊन परत आणून देण्यापेक्षा विकतच घ्यावी, असा तो भाव होता. याला मी मार्केटिंग म्हणते. पुढे ती कंपनीही बुडाली, हा भाग वेगळा.

डीव्हीडीनंतरच्या एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे या दोन तबकड्यांच्या भांडणात तर गिऱ्हाइकाला विचारलंच नाही. तोशिबा एका बाजूला, सोनी दुसऱ्या. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स अॅनिमेशन हे स्टुडिओ एकट्या तोशिबाच्या बाजूला गेले. त्यासाठी सुमारे १५ कोटी डॉलर मोजले गेल्याचं तेव्हा अमेरिकन वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. सोनीने प्लेस्टेशन ३ मध्येच ब्लू-रे घालून दिला, म्हणजे पोरांनी खेळायला घेतलेल्या खोक्यातून तो घरात शिरला. हे ती बीटातून शिकली असावी. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर स्टुडिओने ब्लू-रेची बाजू घेतली, फेब्रुवारीत वॉलमार्टनेही आपल्या दुकानांतून एचडी डीव्हीडी काढून टाकायचं ठरवलं आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने हात वर केले. दीड महिन्यात खेळ खलास. पुन्हा तेच, दुकानातली फळी गेली की सगळं गेलं. फळी माझी असो की वॉलमार्टची.

आपल्या लेखकाने ओटीटीच्या मोठमोठ्या होर्डिंग्जवर लिहिलं आहे. घोडबंदर रोडला ती मीही बघते. पण त्यांनी स्वतःच्या घरातला रिमोट हातात घेऊन बघावा. दोन-तीन कंपन्यांच्या नावाची वेगळी बटणं त्यावर आहेत. ती फुकट आलेली नाहीत. मोबाइलच्या रिचार्जबरोबर कुठली ओटीटी मिळते, केबलवाला वायफायबरोबर कुठली देतो, हे बघावं. आमच्या सोसायटीत अर्ध्या लोकांना आपण कुठल्या ओटीटीचे पैसे भरतो हेच सांगता येत नाही. पॅकमध्ये आली म्हणून आली. माझी वरची फळी आता त्या बटणात आहे. त्यावर कुणी लिहिलं तर वाचायला आवडेल.

जाता जाता कामाचं सांगते. बीटामॅक्सचे रेकॉर्डर सोनीने २००२ मध्ये बंद केले, कॅसेटी मार्च २०१६ पर्यंत काढत होती. व्हीसीआर बनवणारी शेवटची फुनाई कंपनीही त्याच वर्षी जुलैत थांबली. म्हणजे आता दोन्ही सारखेच. पण ज्यांची लग्नं-मुंजी बीटावर आहेत, त्यांची पंचाईत जास्त. अजून ओळखीतले फोन करून विचारतात, काकू, चालवायला मशीन आहे का. माझ्याकडे नाही. त्यांना मी एवढंच सांगते: टेपवर पांढरे ठिपके दिसत असतील, तर कॅसेट कुठल्याही मशीनमध्ये घालू नका, आधी साफ करून घ्या. कॉपी करून देणाऱ्याला विचारा की बीटाचं चालू मशीन तुझ्या स्वतःच्या दुकानात आहे का. पुष्कळ जण कॅसेट पुढे कुठेतरी पाठवतात आणि ती गहाळ झाली की कानावर हात ठेवतात. डीव्हीडीवर करून घेऊ नका, ती लावायला आता लॅपटॉपमध्ये जागा नसते. फाइल करून घ्या, पेनड्राइव्हवर एक आणि दुसरीकडे एक. आणि मूळ कॅसेट परत मागून घ्या.

ठाणे-डोंबिवली भागात हे काम स्वतःच्या मशीनवर, समोर बसून करून देणारे कोण आहेत, याची चौकशी करून आपल्या पुरवणीने छापलं, तर पुष्कळ घरांना उपयोग होईल. पत्ते छापण्याआधी आपल्या माणसाने दुकानात जाऊन मशीन चालू आहे ना, ते बघावं.

आपली,
एक जुनी व्हिडिओ लायब्ररीवाली
नौपाडा, ठाणे (पश्चिम)